माउथ ऑर्गन, शिलाईची वही आणि पेन्सिल : ड्युटीवर साडेतीन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पुतण्या अग्निवीरमध्ये लागला, ट्रेनिंग झालं, पहिलंच पोस्टिंग वरती डोंगरात आलं आणि निघायच्या आधी त्याचा फोन आला, काका बॅगेत स्वतःचं असं काय टाकू, उस्ताद म्हणतायत जास्त सामान नको. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथं लिहितोय, कारण बऱ्याच घरातलं पोरगं असं चाललेलं असतं आणि घरची मंडळी पाच किलो चिवडा-लाडू बांधून देतात, तो चिवडा सेक्शनमध्ये अर्ध्या तासात संपतो, आणि नंतर दुपारी बंकरच्या बाहेर उन्हात बसल्यावर हातात काय घ्यायचं हा प्रश्न तसाच राहतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीमधून हवालदार म्हणून पेन्शन आलो. गाणाऱ्यातला नाही, लिहिणाऱ्यातला तर नाहीच नाही, दहावीला मराठीत 43 मार्क. तरी या तीन वस्तू साडेतीन वर्षं माझ्याजवळ होत्या, त्यातले दोन हिवाळे लडाखमध्ये, त्यामुळे दुकानदारापेक्षा आपल्याला जास्त माहिती आहे असं समजून वाचा.

स्टार आधीच सांगून टाकतो. माउथ ऑर्गनला 5 पैकी 4. वहीला 5. पेनं जेवढी नेली त्या सगळ्यांना मिळून 1. पेन्सिलीला द्यायला स्टार कमी पडतील.

माउथ ऑर्गन म्हणजे आमच्या गावाकडच्या भाषेत तोंडाचा बाजा, 24 घरांचा, सी स्केलचा, ज्याला ट्रेमोलो म्हणतात तो. 2018 ला सुट्टीवर असताना साताऱ्यात घेतला, 650 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असाच बाजा चार नावांनी मिळतो आणि पुढं तक्रार पण करायची आहे. ट्रेमोलो म्हणजे काय तर एका सुराला दोन पितळी पत्त्या असतात, 24 सुरांना 48, आणि जोडीतली एक पत्ती किंचित चढी लावलेली असते त्यामुळे आवाजाला लहर येते, जत्रेतल्या पाळण्यासारखा आवाज जरा हलत राहतो. नवशिक्याचं वाजवणं या लहरीत झाकून जातं, हा पहिला फायदा. दहा घरांचा छोटा बाजा पण मिळतो, तो खिशात जास्त बरा बसतो पण त्याच्यावर आपली गाणी बसवायला मेहनत लागते. बटनवाला क्रोमॅटिक मिळतो त्यात सगळे कोमल-तीव्र येतात, पण तो महाग, आणि आतली झडप एकदा थंडीनं चिकटली की काम संपलं. होनर म्हणून जी जर्मन कंपनी आहे, 1857 पासूनची, तिचे बाजे चांगलेच असतात म्हणे, पण बर्फात पडला तर रडू येणार नाही एवढ्याच किमतीचा न्यायचा हा माझा नियम.

गिटार का नाही असं पोरं विचारतात. आमच्यात एकानं आणली होती. लडाखची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात तिथं लाकूड काय टिकणार, पुलाजवळ चीर गेली, आणि तिसऱ्या महिन्यात तिची वरची तार कुणीतरी बुखारीची, म्हणजे ऊब देणाऱ्या रॉकेलच्या शेगडीची, जाळी बांधायला वापरली. त्यात गिटारला पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, जागा नाही. बाजा पाऊचमध्ये बसतो, सूर लावायला लागत नाही, चार्जिंग नाही, आणि मुख्य म्हणजे शिट्टी झाली की ओळ अर्धी सोडून खिशात टाकून पळता येतं. हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं.

कारण वेळेचं गणित तिथं वेगळं आहे. घरच्यांना वाटतं की पोस्टवर बसलाय म्हणजे वेळच वेळ असणार, आणि पिक्चरमध्ये पण तसंच दाखवतात, शेकोटी, गोल बसलेले जवान, एकजण गातोय. प्रत्यक्षात पहाटे उजाडायच्या आधी स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन तयार राहायचं, मग चहा, मग बर्फ काढणे, मग पाण्यासाठी बर्फ वितळवणे, तो एक डबा भरून वितळवला की गुडघाभर पाणी मिळतं असं नाही, तांब्या-दोन तांबे मिळतं, मग हत्यार सफाई, लोड वर आणायला खाली जाणे, लिंक पेट्रोल म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, दुपारचं जेवण, संतरी ड्युटी, अंधार पडताना परत स्टँड टू, रात्री दोन-दोन तासांची ड्युटी आणि मधे झोप. सलग एक तास तुमचा स्वतःचा असा मिळत नाही. मिळतात ते तुकडे. चहा उकळेपर्यंतची सात मिनिटं. रोल कॉल झाला आणि लंगरची, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराची, शिट्टी झाली नाही तो टाइम. कॉन्व्हॉय कुठंतरी दरड पडली म्हणून थांबलाय, उतरायला परवानगी आहे, किती वेळ थांबणार कुणाला माहीत नाही. रात्री दोन ते चार ड्युटी करून आलो, पाय गरम होईस्तोवर झोप लागत नाही ती पंधरा मिनिटं.

मी पहिले सहा महिने सलग वेळेची वाट बघत बसलो आणि बाजा नुसता पाऊचमध्ये पडून होता. रविवारी निवांत वाजवू म्हणायचं आणि रविवारी मंदिर परेड, कपडे धुणे, केस कापणे, संपला रविवार. मग एकदा लंगर फटीगला, म्हणजे तिथल्या वरकामाला, मटार सोलायला बसवलं होतं, माझा वाटा झाला, बाकीच्यांचा चालू होता, बाजा काढला आणि सात-आठ मिनिटं एकच ओळ वाजवली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ परत. महिन्याभरात ते गाणं बसलं, आणि मटार सोलायला माणसं जास्त यायला लागली. लंगर कमांडर पुण्याकडचा होता, म्हणाला रोज ये रे बाबा, तुला सोलायला पण नको लावत.

वाजवायला जागा ही दुसरी अडचण. फायबरच्या हटमध्ये आठ-दहा जण, त्यातले निम्मे नुकते ड्युटी करून झोपलेले, तिथं बाजा काढलात तर बूट अंगावर येतो आणि तो बरोबर येतो. रात्री बाहेर आवाज नाही म्हणजे नाही, ती चर्चाच नाही. म्हणून दिवसा, लंगरमध्ये, जनरेटरच्या मागं, नाहीतर गाडीत. जनरेटरच्या मागं वाजवायचा एक फायदा असा की तुम्हाला ऐकू येतं, दुसऱ्याला येत नाही, चुका करायला एकदम बेस्ट जागा. दोन्ही हात बाज्याभोवती वाटीसारखे घट्ट धरून हळू फुंकला तर आवाज बराच दबतो, हे गिटारला जमत नाही, बासरीला तर नाहीच.

आता थंडीचं. डब्यावर कुठंही लिहिलेलं नसतं म्हणून नीट सांगतो. वरची-खालची झाकणं स्टीलची. पहिल्या हिवाळ्यात उणे कितीतरी असताना बाहेरच्या खिशातून काढून सरळ तोंडाला लावला आणि ओठ चिकटला. ओढायचा नसतो हे आठवलं तोपर्यंत ओढून झालं होतं. चार दिवस चहा एका बाजूनं प्यायलो. नर्सिंग असिस्टंटनं रजिस्टरमध्ये कारण काय लिहू विचारलं, मी म्हटलं लिहा संगीत. तर बाजा कायम आतल्या खिशात, बनियनजवळ, आणि काढल्यावर आधी हातात चोळून. मी नंतर झाकणांच्या कडेला दवाखान्यातली चिकटपट्टी लावली, दिसायला घाण दिसतं पण ओठ वाचतो. दुसरं म्हणजे आपल्या श्वासात पाणी असतं, ते थंड पत्तीवर बसतं आणि वाजवणं थांबलं की तिथंच गोठतं. मग एकेक सूर मुका. तेव्हा जोरात फुंकायचं नाही, परत बनियनमध्ये ठेवायचा, दहा मिनिटांत सूर परत येतात. वाजवून झालं की दर वेळी घरं खाली करून तळहातावर आपटायचा, हे तर गावात पण करावं.

आणि श्वास. लेहला पोचल्यावर ॲक्लमटायझेशनचे, म्हणजे अंगाला उंचीची सवय व्हायचे, पहिले सहा दिवस नुसता आराम असतो, मग अजून वर जायचं असेल तर चार-चार दिवसांचे पुढचे टप्पे. पहिल्या सहा दिवसांत वेळ भरपूर मिळतो आणि नेमका तेव्हाच बाजा वाजवायचा नाही. मी वाजवला. दोन ओळी झाल्या आणि डोळ्यासमोर काजवे, खाटेवर आडवा. 18 हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, लेह त्याच्या बरंच खाली आहे तरी मैदानातून आलेल्या छातीला तेवढं पण पुरतं. त्या सहा दिवसांत वही काढायची, बाजा नाही. नंतर सवय झाल्यावर पण लांब ओळी तोडून वाजवाव्या लागतात. बाज्यात अर्धे सूर फुंकून आणि अर्धे ओढून येतात म्हणून बासरीपेक्षा सोपं जातं, नुसतं फुंकायचंच वाद्य तिथं वाजवणाऱ्याला माझा सॅल्यूट.

आता जो भाग मला सगळ्यात आवडतो तो. सी स्केलच्या या बाज्यात काळ्या पट्ट्या नाहीत, म्हणजे पेटीच्या भाषेत सगळं पांढऱ्यावर. मी पहिलं वर्षभर समजत होतो की याच्यावर फक्त साधी सरळ गाणी येतात, कोमल सुराचं काही आलं की खडखडाट. आमच्या युनिटचे पंडितजी साहेब, म्हणजे धर्मगुरू, पेटी चांगली वाजवायचे. गणपती जवळ आले होते, मराठा पलटणीत गणपती म्हणजे काय ते सांगायला नको, पण आमची कंपनी वेगळ्या ठिकाणी होती आणि तिथल्या पेटीचा भाता फाटलेला. साहेब म्हणाले तुझा बाजा घे. मी म्हटलं साहेब, एका भजनात कोमल गंधार आणि कोमल निषाद आहे, माझ्याकडं नाहीत. ते हसले. फाटकी पेटी पुढं ओढली, एका हातानं भाता धरून दाबला, दुसऱ्या हातानं फक्त पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाले, "सूर आहेत रे तुझ्याकडं, तू सा चुकीच्या जागी धरून बसलायस. सा सरकव."

पांढरी एकवर, म्हणजे सी वर, सा धरला तर बिलावल थाट, थाट म्हणजे राग ज्यावर बसतात तो सुरांचा साचा. तेच सूर, पण पांढरी दोनला सा म्हटलं की काफी. तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. दहा थाटांतले सहा एकाही काळ्या पट्टीशिवाय. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी येत नाहीत, ते येत नाहीत, सोडून द्यायचे. ज्याला संगीत येतं त्याला यात काही नवल नाही, पुस्तकात असतं म्हणे, पण मला ते त्या दिवशी, फाटक्या पेटीवर, बाहेर कुणीतरी दोर वळत बसलेलं असताना कळलं आणि मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, सारखा आपला सा सरकवून बघत होतो. संतरी ड्युटीवर तोंडानं नाही तर मनातल्या मनात. 650 रुपयांत एक बाजा घेतला होता, सहा निघाले. ज्याच्याकडं हा बाजा आहे त्यानं आजच करून बघा, दुसऱ्या घरापासून सुरुवात करायची असं नाही, रे जिथं वाजतो तिथं सा समजायचा.

त्या गणपतीत आरतीला मी, ढोलकी आणि दोन टाळ. ढोलकीचं चामडं थंडीत हट्टी होतं, बुखारीजवळ शेकून आणावं लागायचं आणि आरती लांबली की परत उतरायचं, त्यामुळे आमच्या आरतीचा स्पीड दर दिवशी वाढत गेला.

तक्रारीकडं येतो. मधल्या सप्तकातला ध आठव्या महिन्यात बिघडला. आधी जोडीतली एक पत्ती गेली, मग तो एकच सूर बोडका वाजायला लागला, बाकी सगळ्यांना लहर आणि हा एकटा सरळ, पंगतीत एकजण उभा राहिल्यासारखा. मग दुसरी पण गेली. झाकणाचे स्क्रू इतके बारीक आणि इतक्या हलक्या धातूचे की पहिल्याच खोलण्यात एकाची खाच झिजली. सिग्नलवाल्याकडून घड्याळाचा पेचकस आणून खोलला, पत्तीखाली सिगरेटच्या पाकिटातली चांदी सरकवून उचलून बघितली, दोन दिवस वाजली, परत बसली. डब्यावर छापलेल्या नंबरला सुट्टीत फोन लावला तर तो लागतच नाही. दुकानदार म्हणाला नवीन घ्या, हे रिपेर करत नाहीत. एक स्टार कापला तो याचा. बाकी 46 पत्त्या अजून चालू आहेत हे पण खरं.

त्या धचं पुढं असं झालं की कंपनीतल्या पोरांना पाठ झालं कुठं सूर जाणार. तिथं पोचलो की सगळे मिळून तोंडानं "हूं" करायचे. एकदा नवीन आलेल्या लेफ्टनंट साहेबांनी विचारलं हे गाण्यातच आहे का. आमचा ढोलकीवाला म्हणाला, "जी साब, पुरानी परंपरा है."

आता लिहिण्याचं सामान. सगळ्यात आधी पेनं. जेल पेन थंडीत सरळ गोठतं, त्यातली शाई पाण्याची. बॉलपेनची शाई घट्ट होते, काखेत धरून गरम केलं की दोन ओळी येतात आणि तिसरी नुसती ओरखडा. शाईचं पेन एकानं हौसेनं नेलं होतं, वर जाताना हवेचा दाब कमी होत जातो, वेफर्सची पाकिटं जशी फुगतात तशी पेनातली हवा फुगली आणि सगळी शाई त्याच्या छातीवर, लोक घाबरले आधी. आणि लाल पेनाची तर गोष्टच वेगळी. रात्री टॉर्चला लाल कागद लावून स्लीपिंग बॅगमध्ये लिहायचो, एकदा काळं पेन सापडेना म्हणून लाल घेतलं, लिहितोय लिहितोय आणि कागद कोरा. लाल उजेडात लाल अक्षर दिसतच नाही. सकाळी बघितलं तर एकाच ओळीवर चार ओळी.

पेन्सिलीला यातलं काही होत नाही. साधी शाळेतली एचबी. नटराज नेली होती डझनभर, लाल-काळ्या पट्ट्यांची, तीन वर्षांत आठ संपल्या. उणे तापमानात, उलटं झोपून, ओल्या कागदावर, कसंही लिहा. टोक करायला गिरमिट नेऊ नका, हरवतं, चाकू असतोच. एक सुधारणा मी केली, पेन्सिलीला पण दवाखान्याची चिकटपट्टी गुंडाळून बोटाएवढी जाड केली. का, तर हातात मोजे असतात, आतले पातळ मोजे घालून बारीक पेन्सिल धरली की ती फिरते, आणि उघड्या हातानं दोन मिनिटांच्या वर लिहिता येत नाही. जाड केल्यावर अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं पण येतं.

वही कुठली घ्यावी यात मी एकदा फसलोय. पहिल्या वर्षी गावच्या एका पतसंस्थेची फुकटची डायरी नेली, रोज एक पान, वर तारीख, खाली मुदत ठेवीचे व्याजदर. तारीखवाली डायरी फौजीनं घेऊच नये. दहा दिवस पेट्रोल आणि लोडच्या गडबडीत लिहिणं झालं नाही की ती दहा कोरी पानं तोंडाकडं बघतात, शाळा बुडवल्यासारखं वाटतं, आणि मग माणूस ती उघडतच नाही. वर त्या डायरीची पाठ गोंदाची होती, थंडीत गोंद कडक झाला आणि जानेवारी महिना सगळा सुटून हातात आला.

दुसऱ्या वेळी साध्या दुकानातून शिलाईची 100 पानी वही घेतली, 18 रुपये का 20, ती उभी दुमडून मांडीच्या खिशात बसते. तारीख नाही, समासाची लाल रेघ आहे तेवढी. दोऱ्याची शिलाई आजपर्यंत सुटलेली नाही. पिनवाली घेऊ नका, पिना गंजतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तरी बुखारीच्या रॉकेलची काजळी पानांना लागतेच, माझ्या वहीच्या सगळ्या कडा काळ्या आहेत आणि अजून वास येतो. बायको कपाटात कपड्यांजवळ ठेवू देत नाही.

काय लिहायचं हा प्रश्न बाकी आहे. आधी काय लिहायचं नाही ते. जागेचं नाव नाही, किती माणसं, कुठली युनिट, कधी कुठं जाणार, कुठली गाडी, कुणाचं नाव, काही नाही. वही हरवू शकते आणि ती कुणालाही सापडू शकते. आमच्या सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लिही, पण वाचल्यावर आमच्यातलं कोण, कुठं, किती, हे कळता कामा नये." मला वाटलं मग उरलं काय. तर बरंच उरतं. माझ्या वहीत फक्त दोन जागा आहेत, "वर" आणि "खाली". माणसं सगळी "एकजण". काही पानं अशी आहेत :

"आज पोळी गोल झाली. एकजण म्हणाला लंगर कमांडर रजेवर असणार. खरंच होता."

"पिवळ्या चोचीचा कावळा आला. पुरी नेली, भाजी ठेवली."

"आज काही झालं नाही. काल पण नाही. पण कालच्यापेक्षा आज जास्त वेळ काही झालं नाही."

"थोरलीला दात आला म्हणे. खालचा का वरचा विचारायचं राहिलं."

तो शेवटचा डीएसपीटी फोनवरचा. वरती सॅटेलाइट फोनवर नंबर लावून बोलायला मिळतं, मागं दहाजण उभे, बोलणं सगळं ऐकू जातं, घरून विचारणार जेवलाय का तुम्ही, मी म्हणणार जेवलो, तुम्ही जेवला का, झाला टाइम. खरं बोलायचं ते सगळं फोन ठेवल्यावर आठवतं. ते वहीत लिहायचो आणि सुट्टीवर गेलो की वही बायकोच्या हातात. टपालानं पत्र पण जातं, 56 एपीओची, म्हणजे फौजेच्या टपाल पत्त्याची, सोय आहेच, जुनी माणसं त्याच्यावर जगली, पण रस्ता बंद झाला की पत्रं साचतात आणि एकदम पाच येतात, त्यात तिसऱ्या पत्रात भांडण आणि पहिल्यात माफी असा क्रम लागतो.

मोबाईलचं म्हणाल तर पुढच्या पोस्टवर तो चालतच नव्हता, थंडीनं बॅटरी पण बसते. खाली आल्यावर चालायचा. 2020 च्या जुलैमध्ये आर्मीनं 89 ॲप काढून टाकायला सांगितली, फेसबुक आणि इन्स्टासकट. पोरं आठवडाभर हात चाळवत बसली होती, खिशातून फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. त्या आठवड्यात माझ्याकडं बाजा शिकायला तिघं आले. एकजण टिकला. दोघांनी वही मागितली, एकानं त्यात फक्त उधारी लिहिली, चालतंय, लिहिणंच ते.

सुट्टीवर जायच्या आधी सुभेदार साहेबांनी वही एकदा बघायला मागितली, नियमाप्रमाणं. मला भीती की कुठं काही निघतंय का. चार पानं वाचली, कावळ्याच्या पानावर थांबले, परत वाचलं, आणि वही देताना एवढंच म्हणाले, "भाजी कशाची होती?" दुधीची होती साहेब. "मग बरोबर आहे."

घेणाऱ्यांसाठी सुटंसुटं. दुकानात प्रत्येक घर एकदा फुंकून आणि एकदा ओढून बघा, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान, कारण नंतर बदलून मिळत नाही. ऑनलाइन मागवू नका याच कारणासाठी. लाकडी पट्टीचा घेऊ नका, ओल धरून फुगतो आणि ओठ कापतो, प्लास्टिकच्या बॉडीचा घ्या. डब्यात जे पिवळं फडकं येतं ते काही कामाचं नाही, जुन्या धोतराचा तुकडा न्या. स्केल सीच घ्या, बाकीचे दुकानात ढकलायला ठेवलेले असतात आणि पेटीबरोबर बसवताना डोकं उठतं. वह्या दोन घ्या, एक तुमची आणि एक मागायला येणाऱ्यासाठी. पेन्सिली डझनभर.

पुतण्याला नवीन बाजा घेऊन दिला, साताऱ्यातूनच, आता 900 झालाय. जायच्या आधी महिनाभर तो माझ्या जुन्यावर शिकला कारण नवीन डब्यातून काढायला जीव होत नव्हता त्याचा. परवा त्यानं वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवलं, जनरेटरचा आवाज मागं आहेच. नवीन बाज्यात ध एकदम खणखणीत आहे, मी स्वतः तपासून दिलाय. पण पोरगं अजून तिथं आलं की सूर सोडतं आणि "हूं" करतं.